टोकियोच्या मुलांना हत्ती हवा होता

१९४९ सालच्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या शिबाउरा धक्क्यावर म्हैसूरची एक हत्तीण उतरली. वय पंधरा, नाव इंदिरा. धक्क्यापासून उएनोच्या प्राणिसंग्रहालयापर्यंतचं अंतर तिने रात्री चालत कापलं. २५ तारखेच्या पहाटे ती आपल्या नव्या घरी पोचली. युद्धाला चार वर्षं उलटली होती, पण बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेलं शहर अजून पुरतं उभं राहिलं नव्हतं. देशावर अमेरिकी फौजांचा अंमल होता आणि अन्न मोजून मिळत होतं. अशा गावात परदेशातून पाहुणी म्हणून कोण आलं, तर दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खाणारी हत्तीण. आणि तिला बोलावणं धाडलं होतं शाळकरी मुलांनी.

या हत्तिणीबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक नेहरूंच्या निमित्ताने. चाचा नेहरूंनी जपानच्या मुलांना हत्ती पाठवला, एवढ्या ओळीत गोष्ट संपते. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. ही हत्तीण कुणाच्या रिकाम्या जागी आली, चौतीस वर्षं कशी जगली, ती गेल्यावर तिची आठवण कुणी ठेवली, हे सगळं नीट पाहिलं तर प्राणिसंग्रहालयातल्या लाडक्या प्राण्याची आठवण काढणं म्हणजे काय, हे कळायला लागतं. या बाबतीत उएनोइतका भरलेला इतिहास फार थोड्या जागांना आहे. १८८२ साली सुरू झालेलं हे जपानमधलं सगळ्यात जुनं प्राणिसंग्रहालय. इथल्या हत्तीखान्याशेजारी मेलेल्या प्राण्यांसाठी एक स्मारक आहे आणि लोक तिथे कागदी करकोच्यांच्या माळा आणून वाहतात. त्या माळांमागे कोण आहे हे समजून घ्यायचं, तर १९४३च्या ऑगस्टपासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी उएनोत तीन हत्ती होते. जॉन, टोन्की आणि वान्री. वान्रीचं जपानी नाव हानाको. जॉन नर होता आणि तापट होता. टोन्की आणि वान्री मात्र मुलांच्या लाडक्या. कसरती करायच्या, माणसाळलेल्या होत्या. १६ ऑगस्टला टोकियोचे गव्हर्नर ओदाची शिगेओ यांचा हुकूम आला की प्राणिसंग्रहालयातले धोकादायक प्राणी मारून टाका. कारण सांगितलं गेलं ते हवाई हल्ल्यांचं. बॉम्ब पडले, पिंजरे फुटले आणि सिंह-अस्वलं रस्त्यावर आली तर काय, अशी भीती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही कथा जपानी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली ती थोडी वेगळी. त्सुचिया युकिओ यांनी १९५१ साली या हत्तींवर लिहिलेलं मुलांचं पुस्तक अतिशय लोकप्रिय झालं, आणि दर वर्षी १५ ऑगस्टला, युद्धसमाप्तीच्या दिवशी, ते रेडिओवरून वाचलं जाऊ लागलं. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते असं : डोक्यावर बॉम्बफेकी विमानं घोंघावताहेत आणि माणसं नाइलाजाने प्राण्यांचा जीव घेताहेत. वस्तुस्थिती अशी की १९४३च्या ऑगस्टमध्ये टोकियोवर हल्ले होत नव्हते. एप्रिल १९४२मध्ये एकदा अमेरिकी विमानं येऊन गेली होती. मोठे हल्ले सुरू झाले ते १९४४च्या नोव्हेंबरात. ओदाची हे त्याआधी जपानच्या ताब्यातल्या सिंगापूरचे महापौर होते. युद्ध कुठल्या दिशेने चाललं आहे हे त्यांनी बाहेरून पाहिलेलं होतं. शहरातल्या लोकांना अजून त्याची झळ कळलेली नाही, ती कळावी, मनं घट्ट व्हावीत, म्हणून लाडक्या प्राण्यांचा बळी दिला गेला, असं या प्रकरणाचा अभ्यास केलेल्या इतिहासकारांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. कारण प्राणिसंग्रहालयाचे तेव्हाचे हंगामी प्रमुख फुकुदा साबुरो यांनी टोन्कीला सेन्दाइच्या प्राणिसंग्रहालयात हलवायची व्यवस्था करायला घेतली होती. एक जीव वाचत होता. ते कळल्यावर गव्हर्नर संतापले आणि हलवाहलव बंद झाली.

गोळ्या घालायला बंदी होती. आवाज बाहेर गेला तर लोक बिथरतील म्हणून. विष घालायचं ठरलं. अस्वलं, सिंह, बिबटे एकेक करून संपले. त्यांत इथिओपियाच्या सम्राटाने भेट दिलेले सिंहही होते. हत्तींवर मात्र विषाची मात्रा चालेना. विष भरलेले बटाटे चांगल्या बटाट्यांत मिसळून ठेवले, तर त्यांनी चांगले तेवढे निवडून खाल्ले आणि विषाचे फेकून दिले. इंजेक्शन द्यायला गेले, तर जाड कातडीत सुया शिरेनात, मोडून पडल्या. शेवटी खाणं आणि पाणी तोडलं. जॉनला तर हुकमाच्या आधीपासूनच उपाशी ठेवलं होतं. तो २९ ऑगस्टला गेला. वान्री ११ सप्टेंबरला, टोन्की २३ सप्टेंबरला.

टोन्कीच्या शेवटच्या दिवसांची एक आठवण सगळ्या वर्णनांत येते. माणूस पिंजऱ्यासमोरून जाताना दिसला की ती उठायची आणि शिकवलेली कसरत करून दाखवायची. सोंड वर, पाय वर. कसरत केली की खाऊ मिळतो हे तिला माणसांनीच शिकवलेलं होतं. अंगात त्राण उरलं नव्हतं तरी ती ते करत राहिली. रोज समोरून जाणाऱ्या राखणदारांना ते बघावं लागलं. त्यांच्यातल्या कुणी कुणी लपूनछपून तिला खायला-प्यायला दिलं, असंही सांगतात.

आणि या सगळ्याच्या मधोमध, ४ सप्टेंबरला, प्राणिसंग्रहालयात प्राण्यांसाठी शोकसभा झाली. भिक्षू आले, अधिकारी आले, शाळेतली मुलं रांगेने आली. देशासाठी प्राण देणारे शूर प्राणी म्हणून त्यांचा गौरव झाला. त्या वेळी वान्री आणि टोन्की जिवंत होत्या. हत्तीखान्यासमोर पडदे लावून त्या दिसणार नाहीत अशी तजवीज केलेली होती. जिवंतपणी श्राद्ध घालणं आपण रागाच्या भरात बोलण्यापुरतं वापरतो. इथे ते खरोखरच सरकारी इतमामाने घातलं गेलं.

त्याच ऑगस्टमध्ये मारल्या गेलेल्या एका बिबट्याची हकिगत उएनोबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. चीनच्या आघाडीवर असलेल्या नारिओका मासाहिसा नावाच्या सैनिकाला १९४१मध्ये बिबट्याचं एक पिल्लू सापडलं. शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातली त्याची तुकडी. त्याने पिल्लू छावणीत वाढवलं, नाव ठेवलं हाची. ते पिल्लू सैनिकांमध्ये मोकळं वावरायचं, त्यांच्याबरोबर झोपायचं. तुकडी पुढे निघाली तेव्हा हाचीला बरोबर नेणं शक्य नव्हतं, म्हणून खटपट करून त्याने त्याला १९४२मध्ये उएनोत पाठवलं. तिथे तरी तो सुरक्षित राहील, या भरवशावर. वर्षभरात हाचीला विष घातलं गेलं. नारिओका युद्धातून जिवंत परतला आणि त्याने हाचीचं पेंढा भरलेलं शरीर मागून घेतलं. ते त्याने जपून ठेवलं. आता ते कोचीच्या विज्ञान केंद्रात काचेआड आहे. एका माणसाने एका प्राण्याची आठवण किती वर्षं आणि किती निष्ठेने सांभाळावी, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

लाडक्या प्राण्याची आठवण काढताना आपण गोड तेवढं वेचतो. तो कसा सोंडेने नाणं घ्यायचा, ती कशी केळं सोलून खायची. त्यात खोटं काही नसतं. पण आपण त्या प्राण्याशी जे केलं ते त्या आठवणीतून गाळलं, तर जे उरतं ती आपली स्वतःचीच आठवण असते, त्याची नसते. उएनोच्या लोकांना हे उमगायला वेळ लागला. तरी त्यांनी टोन्कीचं नाव पुसू दिलं नाही, ही गोष्ट लहान नाही.

युद्ध संपल्यावर उएनोत पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. संचालक कोगा तादामिची लष्करातली पशुवैद्यकाची नोकरी संपवून परत आले होते. प्राणिसंग्रहालय म्हणजेच शांतता, असं ते म्हणत, आणि रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहून त्यांनी ते म्हटलं असेल तर त्याचा अर्थ कुणालाही कळला असता. मुलं येत होती आणि हत्ती कुठे आहे म्हणून विचारत होती. त्या वेळी अख्ख्या जपानमध्ये हत्ती उरले होते ते नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात, माकानी आणि एरुदो, दोन माद्या. तिथले संचालक किताओ एइइची यांनी युद्धकाळात हर प्रयत्न करून त्यांना जगवलं होतं.

उएनो ज्या तैतो वॉर्डात येतं तिथल्या मुलांनी आपली एक सभा भरवली आणि ठराव केला : नागोयाकडून एक हत्ती मागायचा. प्रतिनिधी म्हणून मुलं नागोयाला गेली. संचालकांनी त्यांना हत्ती दाखवले. दोघींना एकमेकींपासून वेगळं करायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी असा आकांत केला की मुलांनाच मागणी पुढे रेटवेना. मग उलटा तोडगा निघाला. हत्ती टोकियोला येऊ शकत नाहीत, तर मुलं हत्तींकडे जातील. १९४९च्या उन्हाळ्यात नागोयासाठी खास गाड्या सोडल्या गेल्या. लोक त्यांना हत्तीगाड्या म्हणू लागले. ठिकठिकाणची हजारो मुलं त्या गाड्यांनी जाऊन माकानी आणि एरुदोला पाहून आली. दोन हत्तिणींच्या मैत्रीसाठी मुलांनी आपला हट्ट सोडला आणि मोठ्यांनी त्यांच्यासाठी रेल्वेगाड्या सोडल्या. १९४३च्या शोकसभेत ज्यांना रांगेने उभं केलं होतं, त्यांचीच ही धाकटी भावंडं.

पण आपल्या गावात हत्ती असावा ही इच्छा काही गेली नाही. मुलांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली. शेकडो पत्रं आणि चित्रं एका भारतीय व्यापाऱ्याच्या हाती नेहरूंपर्यंत पोचली. नेहरूंनी हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं. सोबत जपानी मुलांना पत्रही लिहिलं. ही भेट माझी नव्हे, भारतातल्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे, असं त्यात सांगितलं. हत्ती शहाणा असतो, सोशिक असतो, बलवान असूनही सौम्य असतो, हे गुण आपल्या सगळ्यांच्यात यावेत, अशी इच्छाही त्यांनी व्यक्त केली. भारत तेव्हा दोन वर्षांचा स्वतंत्र देश होता आणि जपान जिंकलेला, दबलेला. त्या पत्रात कुठेही उपकाराचा सूर नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १ ऑक्टोबरला रीतसर समारंभ झाला आणि उएनोला पुन्हा हत्ती मिळाला.

खरं तर काही आठवडे आधी, त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला, थायलंडहून अडीचेक वर्षांचं एक पिल्लू आलेलं होतं. मुलांनी त्याला नाव दिलं हानाको. उपाशी मेलेल्या वान्रीचंच नाव. तिच्याकडे पुढे येतो.

इंदिरा म्हैसूरच्या जंगलात लाकूड ओढायचं काम केलेली होती. तिला कानडी समजायचं. चल, थांब, बस, पाय उचल, सगळं कानडीत. तिच्याबरोबर आलेले माहूत दोनेक महिने टोकियोत राहिले आणि उएनोच्या माणसांनी त्यांच्याकडून ते शब्द शिकून घेतले. जपानी माणूस थंडीत उभा राहून म्हैसूरच्या जंगलातली कानडी बोलतो आहे आणि समोरची हत्तीण कान हलवत ऐकते आहे, हे दृश्य त्या वर्षी रोज घडत होतं. परक्या मुलखात आलेल्या प्राण्याला आपली भाषा शिकवण्याआधी त्याची भाषा आपण शिकावी, एवढा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

१९५०मध्ये इंदिरा दौऱ्यावर निघाली. फिरतं प्राणिसंग्रहालय म्हणून जपानमधली एकामागून एक शहरं करत ती उत्तरेला होक्काइदोपर्यंत जाऊन आली. ज्या मुलांनी जन्मात हत्ती पाहिला नव्हता त्यांच्यासाठी शाळा सोडल्या गेल्या असतील, याची कल्पना करता येते. हत्तिणीला हा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास कसा गेला असेल, याचीही कल्पना करायला हवी. १९५७च्या ऑक्टोबरात नेहरू जपानला गेले तेव्हा मुलीला घेऊन उएनोत इंदिरेला भेटायला आले. हत्तीण इंदिरा आणि इंदिरा गांधी समोरासमोर, असे फोटो त्या वेळी निघाले.

पण मला इंदिरेची खरी हकिगत दिसते ती १९६७ सालच्या एका प्रसंगात. सोबतच्या हत्तीच्या धक्क्याने ती अंगणाभोवतीच्या खंदकात पडली आणि तिथून वर चढून थेट प्रेक्षकांच्या बाजूला आली. हत्ती माणसांत मोकळा. कुणाचं काही ऐकेना. तिला वर्षानुवर्षं सांभाळलेले ओचिआई त्या वेळी गंभीर आजारी होते, अंथरुणाला खिळलेले. त्यांना बोलावणं गेलं आणि ते आले. त्यांनी तिला ओळखीच्या आवाजात हाका मारल्या, आणि जी कुणाला बधत नव्हती ती त्यांच्यामागून मुकाट्याने हत्तीखान्यात गेली. पुढे काही दिवसांतच ओचिआई वारले.

रोज पाहायला येणाऱ्या हजारो माणसांपैकी कुणाला ती ओळखत होती? ओळखत होती ती एका माणसाला. आपण म्हणतो आमची इंदिरा. प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं जग दोन-चार माणसांचं असतं : खायला घालणारी, पाय धुणारी, रात्री एकदा डोकावून जाणारी. लाडक्या प्राण्याच्या आठवणींचा खरा ठेवा त्या माणसांकडे असतो, आणि तो बहुधा त्यांच्याबरोबरच जातो.

इंदिरा ११ ऑगस्ट १९८३ रोजी गेली. वय एकोणपन्नास. माणसाळलेल्या हत्तीच्या मानाने हे वय काही फार नाही. त्या वेळी भारताच्या पंतप्रधान होत्या त्या दुसऱ्या इंदिरा. त्यांनी पुढच्या वर्षी आशा आणि दया या दोन हत्तिणी जपानला पाठवल्या. त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला त्यांची हत्या झाली. टोकियोतल्या ज्या माणसांनी लहानपणी पत्रं लिहिली होती ती तोवर चाळिशी ओलांडून गेली होती. त्यांच्या आयुष्यातून वर्षभराच्या अंतराने दोन्ही इंदिरा गेल्या.

आता हानाको. १९५४मध्ये तिला टोकियोतल्याच इनोकाशिरा उद्यानात हलवलं. मुलांच्या मागणीवरूनच. १९५६मध्ये दारू प्यालेला एक माणूस रात्री तिच्या जागेत शिरला आणि तिच्या पायाखाली सापडून मेला. १९६०मध्ये तिच्या एका राखणदाराचाही तसाच मृत्यू झाला. मग तिला साखळदंडांनी जखडून ठेवलं. लोक तिला खुनी हत्तीण म्हणू लागले, दगड मारू लागले. ती खंगली, हाडं दिसू लागली. तेव्हा यामाकावा सेइझो नावाचे नवे राखणदार आले. आल्यानंतर चार दिवसांत त्यांनी तिचे साखळदंड काढले. तिने पुन्हा माणसावर विश्वास ठेवायला सहा वर्षं घेतली, असं त्यांनी पुढे सांगितलं. तीस वर्षं ते तिच्यापाशी राहिले.

म्हातारपणी हानाकोच्या तोंडात एकच दाढ उरली होती. तेव्हा तिचं खाणं बारीक चिरून, मऊ करून, ती गिळू शकेल असं तयार करावं लागे. रोजच्या रोज, कितीतरी किलो. केळ्याची साल काढायची, गवत कापायचं. हत्तीला घास करून भरवायचं काम काय असतं हे त्या हत्तीखान्याच्या मागच्या बाजूच्या विळी-सुऱ्यांना विचारावं. तिथे माया होती यात मला तीळमात्र शंका नाही.

आणि तरीही हानाकोचं अंगण सिमेंटचं होतं. माती नाही, झाड नाही, दुसरा हत्ती नाही. २०१५च्या सुमारास एका परदेशी बाईंनी तिला पाहून इंटरनेटवर तिच्याबद्दल लिहिलं आणि जगभरातून लाखो सह्या गोळा झाल्या : तिला थायलंडला, हत्तींच्या अभयारण्यात पाठवा. तिच्या माणसांचं म्हणणं होतं की या वयात प्रवास आणि बदल तिला मारून टाकेल, तिला आहे तिथेच सुखाने राहू द्या. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एकट्या हत्तिणीला सिमेंटवर ठेवणं हा अन्याय होता, आणि साठी उलटल्यावर तो अन्याय दुरुस्त करायची वेळ टळून गेली होती. तिला दुसऱ्या हत्तीची सोबत लहानपणीच मिळायला हवी होती. २६ मे २०१६ रोजी हानाको गेली. वय एकोणसत्तर. जपानमध्ये इतका जगलेला हत्ती तोवर झालेला नव्हता. निरोपाला लोक लोटले. पुढच्या वर्षी किचिजोजी स्टेशनसमोर तिचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. भेटायचं ठिकाण म्हणून लोक आता त्याच पुतळ्याचं नाव सांगतात.

पांडांबद्दल थोडक्यात. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९७२मध्ये चीनशी संबंध जुळले तेव्हा कांग कांग आणि लान लान उएनोत आले, आणि तासन्‌तास रांगेत उभं राहून मिनिटभर पाहायला मिळे तरी लोक येत राहिले. आपल्याकडे चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे घराघरांत पोचलेल्या 'तोत्तोचान'च्या लेखिका तेत्सुको कुरोयानागी लहानपणापासूनच्या पांडावेड्या. जपानच्या पांडा संवर्धन संस्थेचं मानद अध्यक्षपद त्यांच्याकडे आहे. अलीकडचे पांडा भेट म्हणून आले नाहीत, कराराने आले. पिल्लू टोकियोत जन्मलं तरी मालकी चीनची. शिआंग शिआंग ही मादी २०१७च्या जूनमध्ये उएनोत जन्मली. शहर तिच्यासोबत मोठं झालं. २०२३च्या २१ फेब्रुवारीला ती चीनला गेली. शेवटच्या दर्शनासाठी चिठ्ठ्या टाकून माणसं निवडावी लागली आणि नारिता विमानतळाच्या कुंपणाशी लोक रडत हात हलवत होते. पुढच्या वर्षी तिचे आईवडीलही परत गेले. मेलेल्या प्राण्याचा शोक करता येतो. दूर गेलेल्या प्राण्याची चौकशी करत राहावी लागते. शिआंग शिआंगला पाहायला सिचुआनपर्यंत जाणारी जपानी माणसं आहेत. मला ते वेड वाटत नाही.

आपल्याकडे काय आहे?

मुंबईच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी १८६४मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला तेव्हा तो उचलताना पडून फुटला. १९१४मध्ये तुकडे जोडून तो बागेत उभा केला. या हत्तीची साल-तारखेनिशी नोंद आहे. त्याच बागेत हाडामांसाचे जे हत्ती पिढ्यान्‌पिढ्या जगले, पाठीवर मुलांना फिरवून मेले, त्यांची नावं सांगणारी एक पाटी मी शोधली. मला दिसली नाही. २०१८च्या १५ ऑगस्टला तिथे भारतातलं पहिलं पेंग्विनचं पिल्लू जन्मलं. आठवड्याभरातच ते गेलं. दोन-चार दिवस बातम्या आल्या. २०२०मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली. मुंबईची मुलं आनंदली. ज्या मुलांनी तोवर दर रविवारी सिद्धार्थ उद्यानात त्यांना पाहिलं होतं, त्यांना कुणी काही सांगितलं का?

पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क झालं आणि दोन पिढ्यांनी पहिला वाघ, पहिला हत्ती तिथे पाहिला. १९९९च्या सुमारास प्राणी कात्रजच्या मोठ्या, मोकळ्या जागेत गेले. ते योग्यच झालं. जुने पिंजरे प्राण्यांना जगण्याजोगे नव्हते. पेशवे पार्क म्हटलं की आज पुणेकराला फुलराणी ही मुलांची आगगाडी आठवते. ती लोखंडाची असल्यामुळे जागेवर राहिली. प्राणी गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावंही गेली.

मला पुतळे नको आहेत. हानाकोचा पुतळा पाहूनही मला तिच्या सिमेंटच्या अंगणाचाच विचार येतो. मला हवं आहे ते महापालिकेच्या कुठल्याही बागेला सहज जमेल असं काम. हत्तीखान्यात, वाघांच्या पिंजऱ्यांवर आयुष्य काढलेले माहूत आणि कर्मचारी अजून आपल्यात आहेत. कुणी निवृत्त होऊन मुंबईच्या चाळीत राहतंय, कुणी कोकणात गावी परतलंय. त्यांच्याकडे जाऊन बसावं आणि त्यांचं बोलणं उतरवून घ्यावं. प्राणी कुठून आला, कधी गेला, कशाने गेला, हे कचेरीतल्या फायलीत असेल. त्यांना विचारायचं ते वेगळं. हत्तीण कुठल्या कुशीवर झोपायची. वाघाला कोणाचा आवाज आवडायचा नाही. पहिल्या पावसात गेंडा काय करायचा. सोबतीण मेल्यावर दुसरीने किती दिवस चारा टाकला. तिची जागा कुणी झाडली, आणि झाडताना ती व्यक्ती तिच्याशी काय बोलायची.